लेनिनग्राडच्या वर्गात एक मराठी गुरुजी




मागील पालक-सभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "सर, मुलगा उद्या शिकून परदेशी जाणार. त्याला सहावीपासून मराठीचा तास कशाला? तेवढा वेळ इंग्रजीला द्या ना!" प्रश्न रास्त होता आणि विचारणाऱ्यांच्या मनात मुलाचे हितच होते. त्या दिवशी आम्ही काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर घरी गेल्यावर सुचले. ते येथे मांडत आहोत.

आधी आमचीच एक फजिती सांगतो. घरी मराठी असली तरी आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शिक्षक म्हणून मराठी कार्यक्रमात प्रथमच बोलायला उभे राहिलो आणि मोठ्या आवेशाने म्हणालो, "मुलांना उत्तम शिक्षा देणे हे आमचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी आम्ही पूर्ण चेष्टा करू!" मुले पोट धरधरून हसली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते आपण जाणताच. त्या दिवशी एक गोष्ट कळली. नव्या भाषेच्या वर्गात पहिले काही दिवस शिक्षकच विद्यार्थी असतो. मग जो शिक्षक आपल्या देशापासून हजारो मैल दूर, बर्फाच्या मुलखात शिकवायला जातो, त्याचे काय होत असेल?

असे एक गुरुजी खरोखर होऊन गेले. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातील साखवाळ गावी. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. शाळा लहानपणीच सुटली, पदवी कधीच मिळाली नाही, इंग्रजी शाळेचे तर तोंडही पाहिले नाही. मात्र मराठी वाचता येत होते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी 'बालबोध' नावाचे मासिक सुरू केले होते. त्यातील बुद्धचरित्रावरचा लेख कोसंबींच्या वाचनात आला आणि बुद्धाची शिकवण मुळातून समजून घ्यायचीच, असे त्यांनी ठरवले. विद्यार्थी मित्रांनो, एका माणसाच्या आयुष्याची दिशा मुलांच्या मराठी मासिकाने ठरवली, हे लक्षात ठेवा.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पुढे उज्जैन, इंदूर, आपले ग्वाल्हेर, प्रयाग अशी मजल दरमजल करीत काशीला पोहोचले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी हा जिज्ञासू तरुण आपल्याच गावातून गेला! काशीत हालअपेष्टा सोसून ते संस्कृत शिकले. मग नेपाळ, कलकत्ता आणि तेथून श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ त्यांनी पालीचे अध्ययन केले. त्यानंतर ते ब्रह्मदेशातही राहिले.

येथे पालीविषयी थोडे समजून घेऊ. पाली ही प्राचीन बौद्ध ग्रंथांची भाषा. तिला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, युरोपात रोमन लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत छापतात. म्हणून पालीच्या पंडिताला एकच मजकूर अनेक लिप्यांत वाचावा लागतो. कोसंबी नेमके हेच शिकले होते. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाला 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करायची होती, तेव्हा त्यांनी पदवी नसलेल्या या माणसाला बोलावून घेतले. १९१० पासून पुढे कोसंबी चार वेळा तेथे जाऊन आले. मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली.

१९२९ मध्ये ते लेनिनग्राडला पाली शिकवण्यासाठी गेले. हेच जुने सेंट पीटर्सबर्ग. १९९१ पासून पुन्हा त्याच नावाने ओळखले जाते. कोसंबींचे वय तेव्हा बावन्न-त्रेपन्न, म्हणजे जवळजवळ आमच्याएवढेच. या वयात नवा देश, नवे हवामान आणि नवा वर्ग! रशियन भाषा त्यांनी अमेरिकेत असतानाच शिकून घेतली होती. त्यांच्या तयारीची ही पहिली पायरी म्हणता येईल.

समोरची मंडळीही काही कच्ची नव्हती. संस्कृतचा सात खंडांचा प्रसिद्ध जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात याच शहरात छापला गेला. येथील मिनायेव या विद्वानाने १८७२ मध्ये पालीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. बौद्ध तर्कशास्त्राचे जगप्रसिद्ध अभ्यासक श्चेरबात्स्की तेथेच शिकवत. मात्र या मंडळींचा मुख्य भर संस्कृत आणि तिबेटी ग्रंथांवर होता. श्रीलंका-ब्रह्मदेशाच्या परंपरेत गुरूजवळ बसून पाली शिकलेला माणूस त्यांच्या दृष्टीने मोलाचा होता.

अशा वर्गात सुरुवात कोठून करायची? आमच्या अनुभवाने, विद्यार्थ्याला जे येते तेथून. संस्कृत जाणणाऱ्याला सांगायचे, की पालीत जोडाक्षरे मऊ होतात: हस्तचे हत्थ, कर्मचे कम्म, सप्तचे सत्त, मार्गचे मग्ग. एवढा नियम कळला की निम्मी भीती जाते. आता आपल्या घरातले शब्द पाहा: हात, काम, सात, माग. मराठी ही काही थेट पालीतून आलेली नाही, पण दोघींचे कूळ एकच. रशियनही या कुळाची लांबची नातलग. भावाला ते 'ब्रात' म्हणतात, तीनला 'त्री'. ज्याला आपली भाषा नीट येते, त्याला परक्या भाषेत अशा ओळखीच्या खुणा सापडत जातात.

भारतात परतल्यावर कोसंबींनी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला आणि तुरुंगवास भोगला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. हार्वर्डचा तो ग्रंथ छापून आला १९५० मध्ये, त्यांच्या पश्चात. लेनिनग्राडच्या त्या विद्वानांवर तर मोठे संकट कोसळले. १९३७ च्या सुमारास त्यांतील अनेकांना अटक झाली, काहींना प्राणही गमवावे लागले. विद्या जपणारी माणसे गेली की विद्येचा एक धागाच तुटतो, तो असा.

धागा आपल्याकडेही तुटू शकतो. त्यासाठी कोणी अटक करायला नको. घरात बोलणे थांबले तरी पुरे. लष्करच्या गल्ल्यांत पिढ्यान्पिढ्या मराठी बोलली गेली, पण आज आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. आमचीही गत एके काळी तीच होती.

तेव्हा त्या पालकांना आमचे उत्तर असे: आपला मुलगा जरूर परदेशी जावा. त्याचे इंग्रजी पक्के करणे हे आमचे काम आहे आणि त्यात कसूर होणार नाही. परंतु कोसंबींनी संस्कृत, पाली, सिंहली, इंग्रजी, रशियन या सगळ्यांशी गाठ घातली ती मराठीच्या पायावर, आणि जगभर फिरूनही आपली पुस्तके प्रामुख्याने मराठीतच लिहिली, सामान्य वाचकाला कळावीत म्हणून. आठवड्यातले दोन तास मराठीचे आहेत. ते काढून इंग्रजी फार वाढेल असे आम्हांस वाटत नाही, मराठी मात्र नक्की जाईल.

निर्णय विश्वस्त मंडळाचा आहे. आमची विनंती इतकीच, की हे दोन तास राहू द्यावेत. आणि पालकांनी रात्री जेवताना अर्धा तास घरात मराठीत बोलावे. मुले चुकतील, शिक्षा आणि चेष्टा यांचा घोळही घालतील. त्यांना हसा, पण बोलू द्या. आम्हीही तसेच शिकलो.