मेलेलं झुरळ आणि लाल वायर

विंचूरच्या आमच्या घरासमोरून कांद्याचे ट्रॅक्टर घरघरत जात होते आणि मी एका जुन्या स्पेक्ट्रम प्लस कॉम्प्युटरचे स्क्रू काढत होतो. टीव्हीला सिग्नल देणाऱ्या चंदेरी डबीपाशी एक लाल वायर दिसली, फार निगुतीनं सोल्डर केलेली. सांधा उघडा राहू नये म्हणून त्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा इवलासा तुकडा चढवलेला! कारखान्यानं हे केलेलं नाही. मग ही वायर काढून यंत्र मूळ रूपात आणायचं, की आहे तसं जपायचं?

आधी ती वायर काय करते ते बघू. विलायतेतल्या सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम टीव्हीच्या यूएचएफ चॅनल 36 वर चित्र पाठवायचा. आपलं दूरदर्शन तेव्हा व्हीएचएफवर होतं, आणि पुष्कळ घरांतल्या सेटना दुसरं काही पकडताच यायचं नाही. त्या डबीला बगल देऊन व्हिडिओ सिग्नल थेट बाहेर काढला, की तो मॉनिटरला देता येतो, शिवाय चित्र जास्त स्वच्छ दिसतं. आपल्याकडे जे चालत नव्हतं ते कुणीतरी चालवून दाखवलं होतं.

आणि मूळ रूप म्हणजे तरी कोणतं? 1982 साली आलेल्या पहिल्या स्पेक्ट्रमच्या एका चिपमध्ये दोष निघाला, तेव्हा कारखान्यातच एक जादा चिप पाय वर करून आत चिकटवली गेली. संग्राहक तिला प्रेमानं ‘मेलेलं झुरळ’ म्हणतात. 48 के मॉडेलमधल्या वरच्या 32 के मेमरीची गोष्ट तर याहून अद्भुत. तिथल्या आठ चिपा मुळात दुप्पट क्षमतेच्या, पण प्रत्येकीचा अर्धा भाग नापास झालेला. टाकाऊ ठरलेला तो माल स्वस्तात घेतला आणि कोणता अर्धा भाग धड आहे हे बोर्डावरच्या एका छोट्या जोडणीनं ठरवलं. ज्या यंत्राचा जन्मच अशा जुगाडातून झाला, त्यातली लाल वायर मला परकी कशी वाटावी?

पुण्यात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं 1986 साली परवान्यानं ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला आणि 1990 पर्यंत तो विकला गेला. त्यातला एखादा अजून कुणाच्या माळ्यावर असेल, तर त्यातही अशी कुणाची तरी कारागिरी सापडू शकते. कृपा करून ती उपटू नका. जुन्या बोर्डावर सोल्डर पुन्हा तापवलं की तांब्याची पातळ पट्टी सुटून येते, ती वेगळीच पीडा.

मात्र जपणं म्हणजे हात न लावणंही नव्हे. खालच्या 16 के मेमरीच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक 5, अधिक 12 आणि उणे 5. त्यातला उणे 5 गेला, की या चिपा मरतात. म्हणून सुकलेले कपॅसिटर मी बिनदिक्कत बदलले आणि कीबोर्डचा तडकलेला पातळ पडदाही नवा घातला. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पाकिटात ठेवला, आधीचे फोटो काढले. घातक जोडणी असती तर तीही काढली असती, पण तिची नोंद ठेवूनच. आता हे यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवत नाही. कांदाचाळीची सवय असलेल्या माणसाला खेळत्या हवेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

लाल वायर तशीच राहिली, व्हॉल्व्ह ट्यूबसकट. परवा मॉनिटर जोडून बटण दाबलं. पडदा काळा झाला, त्यावर बारीक उभ्या लाल रेषा आल्या, म्हणजे यंत्र आपली मेमरी तपासत होतं. मग सगळं पांढरं झालं आणि तळाशी ओळ उमटली: सिंक्लेअर रिसर्च, 1982. त्या वायरीतूनच आलेली.