आडनावात ‘वार’ आला कुठून? नांदेडच्या सीमेवरची तेलुगू खूण

१९६२ मध्ये मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार, नंतरचे मुनगंटीवार, वडेट्टीवार. राजकारणातली ही नावं चंद्रपूरकडची. पण ‘वार’ तिथेच थांबत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोली, धर्माबाद किंवा किनवटच्या बाजारातून फिरा, दुकानांच्या पाट्यांवर तो भेटतोच. या वाराचा सोमवार-मंगळवाराशी मात्र काही संबंध नाही.

तेलुगूत ‘वारु’ हा आदरार्थी शब्द आहे. घराण्याच्या नावाला तो लागला की ‘अमक्यांच्या घरचे’ असा अर्थ होतो. तेलुगूत आडनावाला म्हणतातच ‘इंटि पेरु’, म्हणजे घराचं नाव, आणि ते व्यक्तीच्या नावाआधी येतं. मराठी मुलखात ते शेवटी गेलं आणि ‘वारु’चा ‘वार’ झाला. ‘कोत्तावार’मधला ‘कोत्त’ म्हणजे ‘नवा’.

हे नांदेडातच इतकं का? कारण इथली सीमा नंतर आखली गेली, माणसं आधीपासून होती. हैदराबाद संस्थानात मराठी आणि तेलुगू मुलूख एकाच राज्यात होते. व्यापारी, विणकर, शेतकरी ये-जा करत, सोयरिकी जुळत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबादचा किनवट तालुका मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आला, तर नांदेडचे मुधोळ, भैंसा हे भाग आंध्र प्रदेशात गेले. एकाच आडनावाची भावकी दोन राज्यांत विभागली गेली.

शेजारच्या लातुरात चित्र बदलतं. तिथली सीमा कर्नाटकातल्या बिदरला लागून, त्यामुळे ‘वार’ विरळ आणि ‘कर’ जास्त ठळक. शिवाजीराव पाटील निलंगेकर, शिवराज पाटील चाकूरकर ही त्यातली परिचित नावं. पाटील गावोगाव असल्याने नेमका कोणता पाटील हे गावाच्या नावावरून कळतं.

‘वार’ दिसला की लोक दोन अंदाज बांधतात: घरी तेलुगू बोलत असतील आणि जात अमुक असेल. पहिला अनेक घरांत आजही खरा ठरतो, दुसरा हमखास फसतो. आर्य वैश्य, पद्मशाली अशा वेगवेगळ्या समाजांत ही आडनावं आहेत. अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘मन्नेरवारलू’ या जमातीच्या नावातही हाच ‘वार’ ऐकू येतो. त्यामुळे जात पडताळणीत नुसत्या आडनावावर भागत नाही, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या आणि महसुलाच्या नोंदी शोधाव्या लागतात.

आणि हो, पवार यात मोडत नाहीत. ते आडनाव परमार कुळाशी जोडलं जातं.