इंजिन थांबते तेव्हा

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले सेस्ना १५२ जातीचे शिकाऊ विमान आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शेतात उतरले. इंजिनाची शक्ती गेली होती. आत एकटीच असलेली शिकाऊ वैमानिक मुलगी किरकोळ जखमांवर बचावली.

इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे पडते, अशी आपली समजूत. वीज गेली की यंत्रमाग जागच्या जागी थांबतो. विमानाला तशी सोय नाही. पण त्याला उचलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. नाक जरा खाली केले की उतरणीला लागलेल्या सायकलीसारखा वेग टिकतो. हजार फुटांवरून या विमानाला सुमारे अडीच किलोमीटरचा पल्ला मिळतो, आणि वेळ जेमतेम सव्वा मिनिट.

शक्ती जाते कशाने? दर सिलिंडरला दोन प्लग असतात. एक बिघडला तर दुसरा चालतो. पण टाकी रिकामी झाली किंवा पेट्रोलमध्ये पाणी शिरले, तर दोन्ही प्लग काय करणार? सर्वांत फसवे कारण मात्र कार्बुरेटरमधला बर्फ. होय, आपल्या हवेतसुद्धा! पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आतले तापमान वीस अंशांनीही उतरते. बाहेर पंचवीस अंश असोत. हवा दमट असली की आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. अशा वेळी गरम हवेचा दांडा ओढायचा. बर्फ वितळून पाणी आत जाते, म्हणून इंजिन आधी जास्तच खोकते, आणि नवशिका घाबरून दांडा परत ढकलतो.

खरा घात होतो तो उड्डाण करताच इंजिन गेले तर. मागची धावपट्टी मनाला ओढते. कमी उंचीवर वळताना वेग उतरतो, पंखांवरची हवा सुटते, आणि मग विमान खरेच दगडासारखे पडते. म्हणून शिकवण अशी, की समोरचेच मोकळे शेत धरा. चाक मोडो, पंख मोडो. यंत्रापेक्षा माणूस मोलाचा, हे आम्हांला फलकांवर लिहून मागावे लागते. इथे ते अभ्यासक्रमातच आहे.

चौकशीचेही तसेच. १९५१ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या तेराव्या परिशिष्टात चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच सांगितला आहे, कोणाच्या माथी दोष मारणे नव्हे. आमच्याकडे कामगाराचा हात यंत्रात गेला, की पहिला प्रश्न येतो, ‘चूक कोणाची?’