पडून राहिलेली गाडी आणि मल्टिमीटर

पिंपरी, तळेगाव आणि चाकण या पट्ट्यात तयार झालेल्या मोटारींच्या दोन पिढ्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आज शेजारीशेजारी उभ्या असतात. पहिली इंडिकाची. पिंपरीत घडलेली ही गाडी टाटांनी डिसेंबर १९९८मध्ये बाजारात आणली. सुरुवातीच्या डिझेल इंडिकाला वीज लागे ती मुख्यतः सेल्फ मारायला, दिव्यांना आणि हॉर्नला. डिझेल किती जायचे हे पंपाची यांत्रिक रचनाच ठरवी. दुसरी पिढी २०१०च्या सुमाराची, म्हणजे चाकणची पोलो आणि तळेगावची शेवरोले बीट. १ एप्रिल २०१० रोजी पुणे आणि सोलापूरसह तेरा शहरांत बीएस-४ निकष लागू झाले आणि त्यांच्याबरोबर गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची ओबीडी ही व्यवस्थाही आली. इंधन, प्रज्वलन, थंडावा, काचा, कुलूप अशा सगळ्यांचा कारभार छोट्या छोट्या संगणकांकडे गेला.

त्या वेळच्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या होत आहेत. गाडीची किंमत उतरली, पण आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांची उतरलेली नाही. नवे कंट्रोल युनिट गाडीच्या बाजारभावाला जड जाऊ लागले, की मालक गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात लावून ठेवतो. बीटच्या कंपनीने तर २०१७च्या अखेरीस भारतातली विक्रीच थांबवली. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या माणसाच्या हाती येते ती बहुतेक अशीच, चाके जमिनीला चिकटलेली गाडी. तिच्यात खरोखर निकामी झालेला भाग क्वचित असतो, बिघडलेल्या जोडण्या मात्र पुष्कळ असतात. म्हणून भाग बदलत सुटण्याआधी मोजमाप करणाऱ्याला ती स्वस्तात पुन्हा चालवता येते.

पहिली तपासणी बॅटरीची. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल, तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टला ती जवळजवळ रिकामी असते. रिकामी बॅटरी महिनोन्महिने तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. मग चार्जरवर व्होल्टेज चढलेले दिसते, पण सेल्फ मारताच कोसळते. सेल्फ फिरत असताना ते साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरने, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेतल्या डायनॅमोने, १३.८ ते १४.५ व्होल्ट दिले पाहिजेत.

नव्या बॅटरीवरही सेल्फ नुसता ‘टक’ करून थांबतो, तेव्हा अनेकदा सेल्फ मोटरच बदलली जाते. दोष पुष्कळदा अर्थिंगमध्ये असतो. मोटारीत परतीची वायर प्रत्येक उपकरणाला वेगळी नसते. बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला आणि इंजिनाला जोडलेले असते, आणि सगळा प्रवाह त्याच वाटेने परततो. ही जोडणी म्हणजे एक जाड पट्टी, तिचा थिंबल आणि एक बोल्ट. चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत त्या बोल्टखाली गंज धरतो आणि तांब्यावर हिरवट थर चढतो.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून ही जोडणी तपासली तर ती निर्दोष वाटते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सेल्फ मोटर सुरुवातीला दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. वाटेत ०.०१ ओहम इतका किरकोळ रोध असला, तरी ओहमच्या नियमाने तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतात. साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध याच्या दहापट असतो, त्यामुळे एवढा बारीक आकडा त्याला दिसूच शकत नाही. उपाय म्हणजे रोध न मोजता, प्रवाह वाहत असताना पडणारे व्होल्टेज मोजणे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आला तर बोल्ट काढून पत्रा चमकेपर्यंत घासावा, थिंबल बदलावा आणि जोडणी घट्ट करून वर ग्रीसचा हात द्यावा. मिणमिणते दिवे, रेंगाळत चढणाऱ्या काचा, इंडिकेटर लावला की हलणारा इंधनाचा काटा या तक्रारींचे मूळही याच पद्धतीने सापडते. या एका चाचणीने जेवढे अनावश्यक खर्च वाचतात, तेवढे दुसऱ्या कशानेही वाचत नाहीत.

गाडी सुरू होते, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, हा वेगळा आजार. सगळे बंद असतानाही घड्याळ, गजर आणि कंट्रोल युनिटांच्या स्मृतीसाठी थोडा प्रवाह लागतोच. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर तग धरते. हाच प्रवाह अर्धा अँपिअर झाला तर चार दिवसांत ती कोरडी. अशा वेळी अँपिअरवर ठेवलेला मीटर बॅटरीच्या वाटेत जोडतात आणि युनिटे झोपी जाईपर्यंत निदान अर्धा तास थांबतात. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवणे म्हणजे त्याचा फ्यूज उडवणे. कोणता फाटा प्रवाह खातो हे पाहण्यासाठी फ्यूज उपटण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजावेत, कारण उपटलेला फ्यूज परत बसवताच झोपलेली युनिटे जागी होतात.

सोसायटीत पडून राहिलेल्या गाडीचा आणखी एक शत्रू म्हणजे उंदीर. बॉनेटखालची ऊब आणि आडोसा त्यांना मानवतो आणि ते वायरिंग कुरतडतात. इथे ओबीडी उपयोगी पडते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावला की दोषांचे कोड मोबाइलवर दिसतात. पण कोड म्हणजे निदान नव्हे. समजा, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाबद्दलचा ‘पी०११३’ कोड आला. सेन्सर खराब, असे म्हणून तो लगेच बदलला जातो. त्याच मोबाइलवर तापमान पाहिले तर पिंपरीच्या मे महिन्यात उणे चाळीस अंश दिसते. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर: थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्णतेत घटतो. वायर तुटली की रोध अनंत होतो आणि युनिट त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावते. सेन्सर काढून मोजल्यावर खोलीच्या तापमानाला दोन-अडीच किलोओहम दाखवत असेल, तर तो चांगला आहे; वायर शोधावी. तुटलेल्या जागी नुसती पिळून चिकटपट्टी लावू नये. सोल्डर किंवा चांगला क्रिम्प करून वर हीट-श्रिंक नळी बसवावी.

युनिटे एकमेकांशी बोलतात ती कॅन बसवरून, म्हणजे बॉशने १९८६मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने, पीळ घातलेल्या दोन वायरींवर. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. त्यामुळे बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजल्यास ६० ओहम यावेत. १२० आले तर एक बाजू तुटलेली, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना भिडलेल्या. काही गाड्यांत मध्ये गेटवे असल्याने आकडा वेगळा येतो, तिथे त्या मॉडेलची वायरिंग आकृती हाताशी लागते.

एवढे करूनही एखादे युनिट खरेच बंद निघाले, तर छंदी माणसाचे कसब तिथे कामी येते. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, रिलेच्या पायांभोवती तडकलेले सोल्डर, पाणी शिरून हिरवी पडलेली कनेक्टरची पिन हे दोष बोर्डावर भिंगातून दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सोल्डरिंग आयर्न आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे सुटे भाग एवढ्यावर ते सुटतात. स्पीडोमीटरचे क्लस्टर उघडले, तरी किलोमीटरचा आकडा जसाच्या तसा राहिला पाहिजे. तो कमी करणे ही पुढच्या ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

काही ठिकाणी हात घालू नये. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर मीटर कधीही लावू नये, कारण मीटरचा अल्प प्रवाहही स्फोटकाला धोकादायक ठरू शकतो. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. ब्रेक, टाकीतले शिळे पेट्रोल आणि टायर ही कामे मेकॅनिकची. टायर किती जुने आहेत हे मात्र कोणीही वाचू शकतो: कडेवरच्या चार अंकांत ‘२३१५’ असेल, तर ते २०१५च्या तेविसाव्या आठवड्यातले.

गाडी धावू लागल्यावर कागद उरतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने भरतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे तपासणीला नेण्याआधी आधीच्या मालकाने जोडलेले भगभगीत दिवे आणि त्यांच्या लोंबत्या वायरी काढून मूळ वायरिंग पूर्ववत करावे लागते.