लेकीच्या हाती राज्य : वरंगळच्या काकतीयांची गोष्ट

सातबाऱ्यावर लेकीचं नाव लावायचं म्हटलं की घरात काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको. आज ज्या घराण्याची गोष्ट सांगते आहे, तिथे राजाने लेकीच्या हाती सगळं राज्यच दिलं. साडेसातशे वर्षांपूर्वी, आपल्या शेजारच्या तेलंगणात.

वरंगळचे काकतीय आधी चालुक्यांचे मांडलिक. चालुक्यांचा जोर ओसरला तसा त्यांच्यातला रुद्रदेव स्वतंत्र झाला. हनमकोंड्याच्या हजार खांबी देवळातला ११६३ सालचा लेख त्याची साक्ष देतो. मुलूख बराचसा कोरडवाहू. पाणी अडवल्याशिवाय भात कुठला? दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या बांधाने अडवायची, पावसाळ्यात तळं भरून घ्यायचं आणि पुढे मोरीतून शेताला पाणी सोडायचं, अशी त्यांची रीत. पाखाल, रामप्पा ही तळी त्यांच्याच काळातली, आणि आजही त्यांच्यावर शेती भिजते. तळं राजानेच बांधायचं असंही नव्हतं. सरदार बांधत, मंत्री बांधत, आणि बांधणाऱ्याला तळ्याखालच्या जमिनीत वाटा मिळे. कोरडं रान ओलिताखाली आलं की वस्ती वाढे आणि खजिन्यात महसूलही येई.

आपल्या देवगिरीच्या यादवांशी त्यांचं जुनं वैर. यादव राजा जैतुगीने काकतीय राजाला लढाईत मारलं आणि गणपतिदेवाला कैद केलं. पुढे त्यानेच त्याला सोडून गादीवर बसू दिलं. या गणपतिदेवाने ११९९ पासून साठ वर्षांवर राज्य केलं. त्याला मुलगा नव्हता. त्याने लेकीला, रुद्रमेला, कारभारात घेतलं आणि १२६२ च्या सुमारास राज्य तिच्या हाती आलं.

पण शिलालेखांत तिचं नाव कसं येतं? ‘रुद्रदेव महाराज’! राज्य बाईचं, नाव मात्र पुरुषाचं. एवढं करूनही काही सरदारांना ते रुचलं नाही, बंडं झाली. मग जुन्या खानदानी सरदारांवर विसंबून न राहता तिने साध्या घरांतले लढवय्ये नायक म्हणून पुढे आणले.

देवगिरीचा महादेव यादव तिच्यावर चालून गेला. त्याचा मंत्री हेमाद्री लिहितो की बाई म्हणून राजाने तिला सोडून दिलं. तेलुगू कथा म्हणतात, तिनेच त्याला पिटाळून लावलं. बीदरच्या किल्ल्यात तिच्या मांडलिकाचा लेख सापडला आहे, त्यामुळे माझा कौल रुद्रमेकडे. इटलीचा प्रवासी मार्को पोलो यानेही या राणीच्या न्यायी कारभाराची वाखाणणी केली. तिला त्याने राजाची विधवा समजलं, ती लेक होती हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही!

१२८९ मध्ये ती गेली. नलगोंड्याकडच्या चंदुपटला गावातला लेख तिच्या मृत्यूची नोंद देतो. बंडखोर अंबदेवाशी लढताना ती पडली, असं अभ्यासक मानतात. तिच्यामागे तिच्या लेकीचा मुलगा प्रतापरुद्र राजा झाला. म्हणजे गादी पुन्हा लेकीकडूनच पुढे गेली.

एव्हाना दिल्लीची नजर दक्षिणेवर पडली होती. देवगिरीवर १२९६ मध्ये हल्ला झाला, वरंगळला १३१० मध्ये मलिक काफूर आला. प्रतापरुद्राने हत्ती, घोडे, द्रव्य देऊन वेळ मारून नेली. पण खंडणी थकली की फौज पुन्हा दारात. उलुघ खानाचा पहिला वेढा फसला. संकट टळलं असं समजून राजाने किल्ल्यातली धान्याची कोठारं लोकांना जेवणावळींसाठी मोकळी केली, असं सांगतात. खान १३२३ मध्ये परत आला तेव्हा कोठारात दाणा कमी आणि वेढा महिनोन्‌महिने. किल्ला पडला. प्रतापरुद्राला दिल्लीला नेत असताना वाटेत नर्मदाकाठी त्याचा अंत झाला.

पुढे तेरा-चौदा वर्षांत कापय नायकाने वरंगळ परत जिंकून घेतलं. पण तिथल्या गादीवर काकतीय घराण्यातलं कोणी पुन्हा बसलं नाही.