रुळांलगतची तार आणि शहराची गरज

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर विनामूल्य वायफाय सुरू झाले, तेव्हा त्याचे श्रेय बहुतेकांनी गुगल या परदेशी कंपनीस दिले. वास्तविक त्या सेवेचा आधार रुळांच्या कडेला जमिनीत पुरलेला होता. सिग्नल आणि दळणवळण यांसाठी रेल्वेला प्रकाशतंतूंची केबल लागतेच. तिच्यातील शिल्लक क्षमतेचा व्यापारी उपयोग व्हावा म्हणून २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. हे जाळे आज साठ हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे आहे.

शहरभर वायफाय पुरवावयाचे तर अडचण कोठे येते? एका केंद्राचा पल्ला साधारणपणे काही दशक मीटरांचा. म्हणजे केंद्रे हजारो लागणार, आणि प्रत्येकास उंच जागा, वीज व केबल हवी. खर्च वाढतो तो रस्ते खणण्यात आणि परवानग्या मिळविण्यात. वाहतूक संस्थांपाशी मात्र या तिन्ही गोष्टींचा मोठा भाग आधीच असतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, येथे सीमान्त खर्च फार थोडा आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे एका खासगी कंपनीने रस्त्यांवरील दिव्यांच्या खांबांवर यंत्रे बसवून शहर जोडण्याचे काम अंगावर घेतले. वर्गणीदार पुरेसे मिळेनात, म्हणून २००८ साली तिने अंग काढून घेतले. याउलट, गुगलने २०२० साली भारतीय स्थानकांवरील योजनेतून माघार घेण्याचे जाहीर केले, तरी सेवा बंद पडली नाही. रेलटेलने ती चालू ठेवली आणि आज सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ती आहे. गाड्या चालवावयाच्या म्हणून केबलची निगा राखणे रेल्वेला भागच आहे. नफा आटला की निघून जाणारी संस्था आणि स्वतःच्या गरजेसाठी तार सांभाळणारी संस्था, यांतील हा फरक योजनाकारांनी पुरेसा ध्यानात घेतलेला दिसत नाही.

मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर या खटाटोपाची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले, आणि घरात तीन विद्यार्थी असतील तर रिचार्जही तीन लागतात. एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाने फलाटावरील वायफायवर अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला, ही २०१८ सालची बातमी अनेकांना आठवत असेल. (या सेवेत प्रवेश मिळण्यासाठी मोबाइलवर सांकेतिक क्रमांक यावा लागतो, म्हणजे ज्याचा रिचार्ज संपून क्रमांकच बंद पडला आहे, त्याला दार बंदच!)

परंतु ही सुविधा स्थानकाच्या हद्दीत संपते. तिला शहरात नेण्यासाठी मुंबईत तरी दुसरा दुवा हाताशी आहे. बेस्ट उपक्रमाकडे बसथांबे आणि आगारे आहेत. शिवाय शहर विभागात वीजपुरवठाही तोच करतो. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे उद्दिष्ट होते; देश त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने जुन्या पीसीओप्रमाणे दुकानदारांना विनापरवाना केंद्रे काढण्याची मुभा दिली खरी, पण त्यांना जोडणी व्यापारी दराने घ्यावी लागे आणि ती परवडत नसे. त्या दरांवर ट्रायने मर्यादा घातली ती जून २०२५ मध्ये. साडेचार वर्षे वाया गेल्यावर!

प्रश्न उरतो आवर्ती खर्चाचा. तोट्यात असलेल्या बेस्टवर तो लादणे अन्यायाचे होईल, आणि केवळ जाहिरातींच्या उत्पन्नावर विसंबणे धोक्याचे. मात्र शहर विभागातील रस्त्यांवरचे दिवे बेस्ट सांभाळते आणि त्याचा मोबदला महापालिका देते, ही व्यवस्था जुनीच आहे. त्याच खांबांवरील वायफायचा खर्च त्याच लेखाशीर्षाखाली दाखविण्यास नवा कायदा लागण्याचे कारण दिसत नाही. अर्थसंकल्पात एक ओळ वाढवावी लागेल.