मोबाइलची पाटी, घरचं बोट

'एकलहरे' हे नाव नव्याने वाचायला शिकणाऱ्याला फार सोयीचं आहे. ए, क, ल, ह, रे. पाच अक्षरं, त्यांत मात्रा एकच, जोडाक्षर औषधालाही नाही. पण ज्या वीजप्रकल्पामुळे नाशिकच्या या गावाचं नाव राज्यभर झालं, त्याची पाटी वाचणं सोपं नाही. 'नाशिक औष्णिक विद्युत केंद्र' यातल्या 'ष्णि'ची वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि उच्चारात सगळ्यात शेवटी येते. 'द्यु'मध्ये द आणि य एकमेकांत घुसलेले, त्यात खाली उकार. बोलताना सगळे 'थर्मल' म्हणून मोकळे होतात. गेटपासवर किंवा पगाराच्या चिठ्ठीवर काय छापलंय, ते मात्र वाचूनच कळतं.

न वाचता येणाऱ्या माणसाची अडचण डोळ्यांची नसते, अकलेची तर नसतेच. १९७९ साली जोसे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना एक साधं काम दिलं: शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी काढा आणि उरलेलं म्हणा. आपल्याकडे 'माळ'मधला 'म्' काढला की 'आळ' उरतं, तसं. बहुतेकांना ते जमेना. मोठेपणी का होईना, पण वाचायला शिकलेल्यांना मात्र जमत होतं. बोलण्याचे असे सुटे तुकडे पाडण्याची कला अक्षरओळखीबरोबर येते. देवनागरीत सुरुवात त्या मानाने सोपी, कारण 'क' म्हणजे तोंडातून सहज निघणारा अख्खा आवाज. काना, मात्रा, वेलांटी आली की त्या आवाजाची फोड करावी लागते आणि बाराखडीपाशी गाडी अडते.

प्रौढ मेंदूला ही फोड शिकता येते का? स्टॅनिस्लास डेहेन यांच्या गटाने २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंचं चित्रण केलं. त्यांत निरक्षर होते, लहानपणी शाळेत गेलेले होते आणि मोठेपणी शिकलेलेही होते. वाचता येणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागे-खालच्या भागात एक पट्टा लिखित शब्दांना प्रतिसाद देत होता. मोठेपणी शिकलेल्यांमध्येही तो जागा झालेला होता. दुसरा प्रयोग आपल्या जास्त जवळचा. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, तिशीच्या आसपासच्या हिंदीभाषक निरक्षरांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. शिकवण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूंची तपासणी झाली. २०१७ साली निष्कर्ष छापून आले: मेंदूच्या पृष्ठभागावरचे दृष्टीचे भाग आणि थॅलॅमस व मेंदूस्तंभातली खोलवरची केंद्रं यांच्यातला ताळमेळ वाढला होता. वाचन शिकताना चेहरे ओळखण्याची मेंदूतली जागा आक्रसते की काय, अशी एक शंका होती. २०१९ साली याच भागातल्या लोकांवरच्या अभ्यासाने तीही बरीचशी दूर केली.

'आता या वयात काय शिकायचं?' या प्रश्नाला यापेक्षा ठोस उत्तर माझ्यापाशी नाही. फक्त त्या सहा महिन्यांकडे दुर्लक्ष नको. तेवढा काळ कोणीतरी सातत्याने शिकवत होतं.

स्मार्टफोनची गंमत इथे सुरू होते. निरक्षर माणसाची त्याने फार सोय केली, इतकी की वाचण्याची गरजच कमी झाली. माइकचं चित्र दाबून 'विठ्ठलाचे अभंग' म्हटलं की अभंग लागतात. निरोप आवाजात जातो, नंबर फोटोवरून ओळखता येतो. यूट्यूबवर बाराखडीचे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि तेही नुसते ऐकता येतात. म्हणजे अडचण बाराखडीच्या साहित्याच्या तुटवड्याची नाही, अक्षराकडे न पाहताही भागतं ही आहे.

तेव्हा आवाज आणि अक्षर एकाच वेळी समोर येईल, अशी सामग्री निवडावी लागते. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांना १९९६ साली सुचलेली कल्पना हीच होती: सिनेमाच्या गाण्याखाली त्याच भाषेत ओळ दाखवायची आणि गाणं पुढे सरकेल तसा शब्दांचा रंग बदलायचा. गुजरातीत सुरुवात झाली, पुढे हिंदी गाण्यांना आणि मराठी चित्रपटांनाही हा प्रयोग लागू झाला. गाणं पाठ असतं, त्यामुळे पुढचा शब्द कोणता ते मनाला आधीच ठाऊक असतं. डोळ्याने तो फक्त पकडायचा. पाटी कोरी असलेल्याला एवढ्याने वाचता येत नाही. थोडंफार येणाऱ्याचं मात्र पक्कं होतं. रोजचं भजन किंवा आवडीचं चित्रपटगीत या पद्धतीने लावायला पैसा लागत नाही. ओळी देवनागरीत आहेत ना, शुद्ध आहेत ना, हे आधी कोणीतरी पाहून घ्यावं. रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी अभंग नवशिक्याच्या काही कामाचे नाहीत.

इंटरनेटशिवायही बरंच होतं, याचा पुरावा आफ्रिकेतल्या नायजर देशातून आला. जेनी एकर आणि सहकाऱ्यांनी ११३ गावांतल्या प्रौढ साक्षरता वर्गांचा अभ्यास केला. काही गावांत वर्गाच्या जोडीने साधा बटणांचा फोन वापरायला शिकवलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले शिकाऊ वाचनात आणि हिशेबात पुढे होते, आणि वर्ग संपल्यावर काही महिन्यांनीही ती आघाडी टिकली. वर्गाबाहेर अक्षरांशी झटापट करायला त्यांना काहीतरी कारण मिळालं होतं.

आपल्याकडचा चालू कार्यक्रम म्हणजे 'उल्लास', नवभारत साक्षरता कार्यक्रम. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ, पंधरा वर्षांपुढचे पाच कोटी शिकाऊ हे देशाचं लक्ष्य. नोंदणी अ‍ॅपवर, साहित्य 'दीक्षा'सारख्या पोर्टलवर, शिकवणारे बिनमानधन स्वयंसेवक. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० असे १५० गुण. आराखडा चांगला आहे. माझी कुरकुर एवढीच की अ‍ॅपवर शिकाऊ आणि स्वयंसेवक यांची जोडी जुळली, म्हणजे ते दोघे शेजारी बसले असं होत नाही. साताऱ्यातून १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा अनुभव आपल्या गाठीशी आहेच. गावंच्या गावं साक्षर म्हणून जाहीर झाली, ग्रामगौरव समारंभ झाले आणि पुढे वाचायला काही नसल्याने शिकलेले कित्येक जण पुन्हा अंगठ्यावर आले.

शेजारी बसणारं माणूस बहुधा घरातच असतं. बिहार आणि राजस्थानमध्ये 'प्रथम' संस्थेसोबत झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा आहे. काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग, काही ठिकाणी मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यावा याचं मार्गदर्शन, काही ठिकाणी दोन्ही. आयांचं ज्ञान वाढलं आणि मुलांचं गणितही थोडं सुधारलं. दोन्ही मिळालेल्या घरांत परिणाम जास्त होता. आकडे लहान आहेत, त्यांचे ढोल वाजवण्यात अर्थ नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

घरात हे काम नातवंडं आनंदाने करतात. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५पासून मराठी गोष्टींची पुस्तकं फुकट आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेली. गूगलच्या 'रीड अलाँग'मध्ये मोठ्याने वाचलं की फोन ऐकतो आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतो. आजी आणि नातू एकच गोष्ट आळीपाळीने वाचू शकतात. नातू चुकला की आजीला बरं वाटतं, हा फायदा कोणत्याही अहवालात येत नाही. उलट बाजूही आहे. घराच्या कारभाऱ्याला ससा-कासवाची गोष्ट वाचायला लावणं कमीपणाचं वाटतं, आणि सुनेसमोर अडखळायला सासूबाई तयार नसतात.

मोठ्यांना कामाचं वाचन हवं. एकलहऱ्यात त्याची सुरुवात वीजबिलापासून करता येईल. महावितरणचं बिल दर महिन्याला येतं, त्यावर स्वतःचं नाव असतं आणि रक्कम चुकवून चालत नाही. मागील रीडिंग ४३१८, चालू रीडिंग ४४०५. वजाबाकी करताना हातचा घ्यावा लागतो, उत्तर ८७ युनिट. भिंतीवरच्या मीटरशी ते ताडून पाहता येतं. मग 'देय दिनांक'. 'गुणक अवयव' हा शब्द पदवीधरांनाही अडवतो, तो सोडून द्यावा. त्यानंतर फोनवर आलेला बँकेचा संदेश आणि ओटीपी. तो दुसऱ्याकडून वाचून घेणं म्हणजे घराची किल्ली त्याच्या हातात देणं. फसवणुकीच्या बातम्या रोज येत असताना ओटीपीचा धडा अंकलिपीबरोबरच शिकवायला हवा.

अशा धड्यांचं मराठी साहित्य मात्र तोकडं आहे. मुलांसाठी भरपूर, मोठ्यांसाठी सरकारी माहितीपत्रकाच्या भाषेत. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरणाजवळ आहे आणि एकलहरे त्याच शहराच्या पूर्वेला. घरबसल्या शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी सोपं लिहिण्याचा सराव त्या विद्यापीठाला तीन दशकांहून जास्त आहे. वीजबिल, रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी, बँकेचा संदेश यांवर दोन-दोन मिनिटांचे धडे त्याने करावेत, आवाज आणि ठळक अक्षर एकत्र असलेले, एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालणारे. कारण कित्येक घरांत फोन एकच असतो, दिवसभर तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असतो, आणि रात्री घरी येतो तेव्हा त्या दिवसाचा डेटा संपलेला असतो.